कुंचा, काजळी आणि सरदारांची बारव

किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही हो! दर रविवारी गवतातून हिंडलं की धोतराला कुसळं लागतात, तसे ते लागतात. घरी आल्यावर एकेक उपटत बसायचं. आमच्या ठसेमंडळीचे किस्से असेच लागलेत मला. नोकरी संपली, गुडघे गेले, पण कुसळं अजून निघतायत!

ठसेमंडळी म्हणजे आम्ही चौघं. मी सोलापूर स्टेशनावर बुकिंग क्लार्क. दातार मास्तर गावातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. व्यंकय्या हातमागावरचा विणकर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. आणि चन्नाप्पा दुधनीचा, इथल्या अडत दुकानात मुनीम, कानडी वाचणारा. लोक जिथं सहलीला म्हणून जातात, तिथं आम्ही जायचो आणि ते मुळात कुणी बांधलं ते शोधायचो. एवढाच गुन्हा! पण त्या एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराला या गुन्ह्यानं दातार मास्तरांची नोकरी पणाला लागली होती.

* * *

सुरुवात माझ्या खिडकीवर झाली. मुंबईचे एक शेठजी तिकिटाला उभे होते. मला म्हणाले, "तुमच्या गावात तळ्याकाठी किल्ला आहे म्हणे. कुणी बांधला?"

मी तिकीट ठोकता ठोकता म्हणालो, "असेल कुणीतरी राजा."

शेठजींच्या मागं दातार मास्तर उभे. त्यांना कुर्डुवाडीला मेहुण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. ते पुढं घुसले, खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाले, "कुठला राजा?"

"अहो मास्तर, गाडी लागलीय!"

"लागू द्या. कुठला राजा? त्याचं नाव काय? तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागं पंचवीस माणसं बोंबलतायत, घंटा झाली, गाडी हलली, आणि मास्तर खिडकीतून मला दख्खनच्या सुलतानांची वंशावळ सांगतायत! गाडी गेल्यावर मी म्हणालो, "मास्तर, साखरपुडा?"

म्हणाले, "लग्नाला जाईन. तुम्ही रविवारी किल्ल्यावर या."

मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला!

* * *

शिलालेखाचा ठसा कसा घ्यायचा हे मास्तरांनी पुस्तकात वाचलं होतं. ओला कागद दगडावर बसवायचा, वरून कुंच्यानं ठोकायचा म्हणजे तो अक्षरांच्या खाचेत शिरतो. मग कापडाच्या बोळ्यानं काजळीची शाई फिरवायची. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. वाचायला सोपं! करायला जाम अवघड. आम्ही बूट पुसायचा ब्रश घेऊन पहिल्या रविवारी अकरा कागद फाडले.

एक माणूस बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ओ पंतुलु," तो मास्तरांना म्हणाला, "कागदानं काय केलंय तुमचं? मारताय कशाला त्याला?"

मास्तर तिरसटले. "मग काय करू?"

"पाजा की त्याला!"

तो व्यंकय्या. सुताच्या ताण्याला खळ, म्हणजे पिठाची पेज, पाजायचा कुंचा त्याच्या घरी होता. हातभर लांब, गवताच्या मुळ्यांचा, पिढीजात. घरी जाऊन तो घेऊन आला, कागदावर पाण्याचा हात फिरवला आणि असा हळू हळू थोपटत गेला की दगडावरची अक्षरं कागदात उमटत आली. मास्तर बघतच राहिले.

"कुठं शिकलास रे हे?"

"आमच्या गल्लीत पोरीबाळी बी करतात," व्यंकय्या म्हणाला. "तुमच्या पुस्तकात नसंल."

त्या दिवसापासून कुंचा त्याचा, शाई माझी, कानडी चन्नाप्पाचं आणि भांडण मास्तरांचं अशी कामाची वाटणी झाली.

* * *

भांडणाला काही तोटा नव्हता! नळदुर्गचा पाणीमहाल बघायला सर्व्हिस मोटारनं निघालो. नळदुर्ग तेव्हा निजामाच्या मुलखात. हद्दीच्या नाक्यावर जमादारानं आमची पिशवी उघडली. आत काजळीचा डबा, कागदांची गुंडाळी आणि तो हातभर कुंचा.

"ये क्या है?"

"इतिहासाचं सामान," मास्तर म्हणाले.

झालं! जमादाराला वाटलं, हे लोक रातोरात भिंतीवर काहीतरी चिकटवणार. आम्हाला उतरवलं. मोटार निघून गेली. मी हातापाया पडायच्या तयारीत होतो. मास्तर मात्र जमादाराच्या छातीवरच्या पितळी बिल्ल्याकडं टक लावून बघत होते.

"तो काढा आणि इकडं द्या," म्हणाले.

अहो, नाक्यावरच्या जमादाराला मास्तर हुकूम सोडतायत! त्यानं बावचळून बिल्ला दिला. व्यंकय्यानं कागद भिजवला, कुंचा फिरवला, मी बोळा मारला. पाच मिनिटांत बिल्ल्यावरची सगळी उर्दू अक्षरं कागदावर! जमादारानं तो कागद उन्हात धरून उलटसुलट बघितला. त्याचा चेहराच बदलला. आत जाऊन त्यानं बाकीच्या शिपायांना बोलावून आणलं. ते सगळे बिल्ले हातात घेऊन रांगेत उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत आम्ही ठसे काढत होतो. जमादारानं चहा पाजला आणि परतीच्या मोटारीत बसवून दिलं. पाणीमहालाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. पण त्या नाक्यावर पुन्हा कुणी आमची पिशवी उघडली नाही!

* * *

पुढच्या खेपेला पाणीमहाल बघितला. तिथं बाबूमियाँ नावाचा वाटाड्या होता. एका पार्टीला त्यानं सांगितलं, राणीनं या खिडकीतून उडी घेतली. अर्ध्या तासानं दुसऱ्या पार्टीला सांगितलं, राणीला या खिडकीतून ढकललं. तिसऱ्या पार्टीच्या वेळी राणी खिडकीत बसून गाणं म्हणत होती!

मास्तर तापले. "बाबूमियाँ, खरं काय ते एकदा ठरवा! तो तिथं दगडावर फारसी लेख आहे. ते लोकांना सांगत जा."

बाबूमियाँनं दाढीवरून हात फिरवला.

"मास्तरसाब, तुमे बताव ना सच्ची बात. मैं भी सुनताऊं."

मास्तरांनी खरंच सांगायला घेतलं. बांधकामाचं साल, पाणी कसं अडवलं, दगड कुठले. दहा मिनिटांत सगळी पार्टी बाबूमियाँच्या मागं राणीच्या खिडकीकडं निघून गेली. मास्तरांसमोर उरलो आम्ही तिघं.

जाता जाता बाबूमियाँ हळूच म्हणाला, "सच्ची बात सुनने कू अपने लोगां साथ लाना पडता, मास्तरसाब!"

मास्तर मोटारीत चढून बसले. मग म्हणाले, "तो म्हणतो ते बरोबर आहे. माणसं वाढवली पाहिजेत." दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात, देवळात, माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत भेटेल त्याला धरून इतिहास सांगायला लागले.

* * *

आता गोलघुमटाचा किस्सा. हा मी सांगू नये, कारण चूक माझी आहे. पण सांगतो!

विजापूरला गोलघुमटाच्या आत वर गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या बाजूला स्वच्छ ऐकू येतं. मोठ्यानं बोललं तर आवाज सात वेळा घुमतो असं पुस्तकात लिहिलेलं. आम्ही ते तपासायला गेलो. मी अलीकडं, मास्तर पलीकडं.

मी कुजबुजलो, "मास्तर, येतंय का ऐकू?"

"येतंय. बोला काहीतरी."

काय बोलावं सुचेना. म्हणून म्हणालो, "तुमचे हेडमास्तर तुम्हाला रविवारी मोकळं कसं सोडतात?"

मास्तर म्हणाले, "त्यांना काय कळतंय! अहो, त्यांना इतिहास ठाऊकच नाही, नुसत्या सनावळ्या ठाऊक!"

आणि आम्हा दोघांच्या बरोबर मधून कुणीतरी ओरडलं, "दातार!"

हेडमास्तर! बायकोमुलांना घेऊन सहलीला आलेले, भिंतीला कान लावून उभे! आणि घुमटात ते "दातार... दातार... दातार..." फिरत राहिलं. त्यांच्या मंडळींनी पदर तोंडात धरला होता.

तेवढ्यात खालून चन्नाप्पाचा आनंदानं फुललेला आवाज आला, "मास्तर! सात येळा आलं की! पुस्तकातलं खरं हाय!"

* * *

इथून प्रकरण चिघळलं. मास्तर पाच वर्षं टेंपररी होते. त्या वर्षी कायम व्हायचे होते. घरात दम्याचे वडील, यमुनावहिनी आणि तीन लेकी. हेडमास्तरांनी सोमवारी बोलावून घेतलं.

"दातार, तुम्ही गावभर सांगत सुटता की हे अमक्यानं बांधलं नाही, ते तमक्यानं बांधलं नाही. शाळेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलंय. कायम व्हायचं असेल तर हे बंद करा. लेखी द्या!"

मास्तरांनी तिथंच कागद ओढला आणि लिहिलं, "यापुढे मी पुराव्याशिवाय कुणालाही काहीही सांगणार नाही." खाली सही.

हेडमास्तर खूश! कागद घडी करून कपाटात ठेवला. बुधवारी दुपारी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी शिपायाला मास्तरांच्या वर्गावर पिटाळलं. मास्तर फळ्याशी होते. शिपाई म्हणाला, "हेडसरांनी सांगितलंय, लेखी दुसरं द्या."

मास्तर म्हणाले, "त्यांना विचार, पहिल्यात खोटं काय आहे?"

शिपाई परत आला नाही.

* * *

अक्कलकोटच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, माझी तिथं सोयरीक आहे. तिथं पायऱ्यांची मोठी बारव. पायऱ्या उतरून पाण्याशी जायचं, अशी जुनी दगडी विहीर. अक्कलकोटला जाणारे सगळे तिथं थांबायचे, हातपाय धुवायचे, भाकरी खायचे. लोक तिला सरदारांची बारव म्हणत. ते सरदार म्हणजे मास्तरांच्या शाळेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचे पूर्वज.

आम्हाला बारवेच्या कोनाड्यात चुन्याखाली लेख सापडला. चुना खरवडला, कागद बसवला, शाई मारली. कागद दगडावरच वाळू द्यायचा असतो, म्हणून आम्ही लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसलो. चूक केली ती इथं.

अर्ध्या तासानं जाऊन बघतो तर कोनाड्यासमोर पाच नारळ फुटलेले, कागदावर हळदीकुंकू आणि पुढ्यात एक म्हातारी हाताची घडी घालून बसलेली.

"हात लावायचा न्हाय! द्येव परगटलाय हितं."

"आजी, तो देव नाही. तो आमचा कागद आहे," मास्तर म्हणाले.

"त्याच्यावर अक्षर हाय न्हवं?"

"आहे."

"मग द्येवच की!"

तासभर हुज्जत चालली. शेवटी मास्तर तिच्याशेजारी खाली बसले. म्हणाले, "आजी, ही बारव ज्यानं बांधली त्याचं नाव त्यात आहे. मी वाचून घेतो आणि सगळ्यांत आधी तुम्हाला येऊन सांगतो."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. "आमाला सांगाय कोन येतंय रं," म्हणाली आणि बाजूला सरकली. आम्ही कुंकवासकट कागद उतरवला.

* * *

लेख जुन्या कानडीतला. चन्नाप्पा तीन रविवार त्यावर पालथा पडून होता. दुधनीच्या एका म्हाताऱ्या स्वामींना दोनदा विचारून आला. चौथ्या रविवारी त्यानं वाचून दाखवला. लिंगव्वा नावाच्या तेलिणीनं आपल्या घाण्याच्या कमाईतून वाटसरूंसाठी ही बारव बांधली. हे जो पुसेल त्याला काशीत हजार गाई मारल्याचं पाप. बस्स! सरदारांचा त्यात पत्ता नाही.

कुणालाही सांगायच्या आधी मास्तर गावात गेले. म्हातारी घागर भरत होती. तिला सांगितलं. ती जराही दचकली नाही.

"मला ठावंच हुतं," म्हणाली. "पायऱ्या बगा की. भरली घागर घिऊन चडताना किती उंच पाय उचलतो, त्या मापाच्या हायत. सरदारानं बांदल्या असत्या तर घोड्याच्या मापाच्या बांदल्या असत्या!"

मास्तरांनी लगेच टेप काढून पायऱ्या मोजल्या. घरी येताना मला म्हणाले, "नाना, आपण तीन आठवडे वाचत होतो. म्हातारी रोज वाचतेय!"

* * *

आणि आता शेवटचा. हा सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

आप्पासाहेबांनी ठरवलं, बारवेच्या कोनाड्यात संगमरवरी पाटी बसवायची: ही बारव आमच्या पूर्वजांनी बांधली. कलेक्टरसाहेबांच्या हस्ते समारंभ. पाटी बसली की जुना लेख कायमचा आत. आणि इतिहासाचे शिक्षक म्हणून बारवेची माहिती सांगायची कुणी? दातार मास्तरांनी! भाषण लिहून आलं. सोबत निरोप आला की दुसऱ्याच दिवशी कायमच्या ऑर्डरवर सही होईल.

खरं सांगतो, मीच म्हणालो, "मास्तर, वाचून टाका. एक दिवसाचा प्रश्न आहे. तीन पोरी आहेत घरात. लिंगव्वा काय बघायला येणार आहे?"

व्यंकय्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. पण मी बोललो ते बोललो. मला मास्तरांची काळजी वाटत होती, त्यांच्या लेकींची काळजी वाटत होती.

मास्तर म्हणाले, "घरी विचारतो."

यमुनावहिनींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच वर्षं एकही रविवार तुम्ही घरात नव्हता. ते हे असलं वाचायला का?"

समारंभाला मांडव, पताका, ताशा. व्यासपीठावर मधे कलेक्टरसाहेब, एका बाजूला आप्पासाहेब, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर. कोनाड्यात पाटी, वर रेशमी कापड. पुढं गावातली प्रतिष्ठित मंडळी आणि मागं पायऱ्यांवर घागरी घेऊन उभ्या बायका.

मास्तर उठले. लिहून आलेलं भाषण खिशातून काढलं, त्याची घडी घातली आणि आप्पासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं. मग आमच्याकडं बघून मान हलवली. व्यंकय्यानं आणि चन्नाप्पानं दोन बाजूंनी धरून ठसा उलगडला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं, मधे मधे कुंकवाचे डाग.

"ही बारव लिंगव्वा नावाच्या तेलिणीनं बांधली," मास्तर म्हणाले. "आपल्या कमाईतून बांधली. पुरावा हा."

ताशेवाला थांबला. पायऱ्यांवर कुणाची तरी घागर आपटली.

आप्पासाहेब ताडकन उठले. त्यांच्याबरोबर हेडमास्तर उठले. कलेक्टरसाहेबांना काय चाललंय कळेना, पण निघायची वेळ झाली असं समजून तेही टोपी घेऊन उठले. आप्पासाहेबांच्या तोंडाला फेस यायचा राहिला होता.

"मास्तर! उद्यापासून शाळेत पाऊल टाकायचं नाही!"

माझे डोळे भरून आले. संपलं, म्हटलं मी. पाच वर्षं, तीन पोरी, सगळं संपलं.

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा चढवला आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांकडं बघावं तसं तिघांकडं बघितलं.

"उद्यापासून ना? म्हणजे आज मी मास्तर आहे. खाली बसा!"

आप्पासाहेब बसले. हेडमास्तर बसले. कलेक्टरसाहेबही बसले!